कांजिण्या, कडुनिंब आणि कॅलामाइन: तुमच्या घरचे किस्से सांगा

जिरावण_जास्त
वरच्या मजल्यावरच्या भाभींच्या दाराला आज कडुनिंबाची डहाळी दिसली. धाकट्याला माता निघाली, म्हणजे कांजिण्या. होळी झाली की हे सुरू होतंच दरवर्षी. जिन्यात पाल्याचा वास आला आणि आमचं मल्हारगंजातलं घर आठवलं. आम्ही तिघं भावंडं ओळीनं पडलो होतो. लागण झाल्यापासून फोड यायला १० ते २१ दिवस लागतात, त्यामुळे एकाच्या खपल्या पडून तो गल्लीत क्रिकेट खेळायला गेला की दुसरा अंथरुणात. आईचा अख्खा उन्हाळा त्यात गेला. वर आजीचा हुकूम, घरात फोडणी द्यायची नाही. इंदूरच्या घरात फोडणी नाही म्हणजे पोहे नाहीत! बाबा चौकात उभ्याउभ्या पोहे-जलेबी हाणून यायचे आणि आजीला त्यांच्या मिशीत शेव सापडायची.
तुमच्याकडे काय काय व्हायचं? हल्लीच्या आया काय करतात तेही लिहा, भाभींना सांगते.

भिया_बोलो
मिशीतली शेव!! हाहा. आजी सीबीआयमध्ये होत्या का?

रामबागची_सून
लेक दुसरीत होती तेव्हा. डॉक्टर म्हणाले रोज कोमट पाण्यानं अंघोळ घाला, घासू नका, टिपून घ्या. सासूबाई म्हणाल्या मातेत अंघोळ नाही म्हणजे नाही. शेवटी पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकून तह झाला. डॉक्टरांना पाण्याशी मतलब, सासूबाईंना पाल्याशी. नखं कापायलाही बंदी होती, ती मी दुपारी त्या झोपल्यावर कापली. रात्री हातात सुती मोजे घालायचे, झोपेत खाजवतात पोरं. खाजवून फोड पिकला की मग डाग राहतो. कॅलामाइन, म्हणजे ते खाजेवरचं गुलाबी लोशन, लावून लेक होळी खेळून आल्यासारखी गुलाबी दिसायची, आरशात बघून स्वतःच खिदळायची. कुकर आला, नंतर लिहिते

कडक_चहा
औषधाच्या दुकानात बसतो म्हणून सांगतो. पोराला ताप आला की लोक घरातली डिस्प्रिन देतात. डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिनच, आणि कांजिण्यांत अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. त्यातून रे सिंड्रोम होऊ शकतो, मेंदू आणि यकृत दोन्हींवर बेततं. क्वचित होतं, पण होतं तेव्हा फार वाईट. आयबुप्रोफेनही टाळायचं, त्यानं त्वचेतला संसर्ग बळावू शकतो. तापाला पॅरासिटामोल, तेही वजन सांगून. आणि "पिछली बार वाली दे दो भैया" म्हणू नका हो, मला काय माहीत मागच्या वेळी काय होतं ते.

छप्पनची_पंखा
मला मोठेपणी झाल्या. साखरपुड्याच्या तोंडावर!! मोठ्यांना जास्त त्रास होतो हे ऐकून होते, तेव्हा कळलं. घशात फोड, पाणी गिळवेना. पहिला फोड दिसल्यावर २४ तासांच्या आत अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध सुरू केलं की फायदा होतो म्हणतात, मी वेळेत गेले म्हणून निभावलं. साखरपुडा पुढे ढकलला. होणाऱ्या नवऱ्याला लहानपणीच होऊन गेलेल्या, तो बिनधास्त सराफ्यातली, म्हणजे आमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातली, शिकंजी घेऊन यायचा. आंबट नाही, तिखट नाही, गार. तेवढीच घशाखाली उतरायची. सासूबाई म्हणायच्या, ह्याला तिचं तोंड बघूनही पळून जावंसं वाटलं नाही, आता काही काळजी नाही.

बडोदेकरीण
शिकंजी म्हणजे लिंबाची ना? ती घशाला झोंबणार नाही?

भिया_बोलो
ताई, इंदूरची शिकंजी दुधाची असते. आटवलेलं दूध, सुका मेवा. या एकदा.

राजेंद्रनगरचे_काका
आमच्या पिढीच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे, तुम्हा मुलांना नसेल. देवी १९७५ मध्ये भारतातून गेल्या, १९८० मध्ये जगातून. आमच्या आजीनं देवीनं माणसं गेलेली पाहिली होती, त्यामुळे अंगावर साधे चार फोड दिसले तरी ती शीतळामातेला साकडं घालायची. तिला हसायची माझी तरी हिंमत नाही.
मला स्वतःला निवृत्तीनंतर नागीण झाली. लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू, इतकी वर्षं नसांच्या मुळाशी दबा धरून बसलेला. आग म्हणजे काय आग. नातवाची लस झाली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी फोड झाकून त्याला लांब ठेवायला सांगितलं. त्यातून पोरांना कांजिण्या होऊ शकतात.

रामबागची_सून
काका, नागिणीचं तोंड शेपटीला लागलं की माणूस जातो म्हणतात ते?

राजेंद्रनगरचे_काका
मलाही तिघांनी सांगितलं, एकानं तर उतरवून देणाऱ्याचा पत्ताही दिला. नागीण बहुतेक वेळा एका बाजूच्या नसेच्या पट्ट्यातच येते, वेढा घालायला पलीकडे जातच नाही. मी गोळ्या घेतल्या आणि घरी बसलो.

नवी_आई
मदत करा प्लीज. बाळ ११ महिन्यांचं आहे, शेजारच्या मुलाला झाल्यात आणि परवाच तो बाळाशी खेळून गेला. लस देता येईल का?

कडक_चहा
ही लस वर्षाच्या आत देत नाहीत. बालरोगतज्ज्ञांच्या वेळापत्रकात पहिला डोस १५ महिन्यांना, दुसरा त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी. सरकारी मोफत यादीत नाही, विकत घ्यावी लागते. तुम्ही आजच बालरोगतज्ज्ञांना फोन करा, मुलगा केव्हा खेळून गेला तेही सांगा. घरात कुणी गरोदर असेल आणि तिला लहानपणी झाल्या नसतील तर तिनंही लगेच डॉक्टर गाठायचा, फोडांची वाट बघायची नाही.

छप्पनची_पंखा
घाबरू नकोस गं. पण मूल पाणी पीत नसेल, फार सुस्त असेल, धाप लागली, सारख्या उलट्या झाल्या किंवा फोडाभोवती लाल, गरम सूज आली तर रात्र असली तरी दवाखाना.

बडोदेकरीण
आमच्याकडे बडोद्याला शीतळा सातम श्रावणात. आदल्या दिवशी रांधण छठ, सगळं करून ठेवायचं, सातमला चूल नाही. इंदूरला कधी असते?

रामबागची_सून
होळीनंतर सातव्या दिवशी. बासोडा. मला त्या दिवशीचा गार दहीभात फार आवडतो. मातेतही पोरांना तोच, तोंडात फोड असतील तर मीठ कमी.

जिरावण_जास्त
भाभी विचारतायत, शाळेत कधी पाठवू? आणि कॅलामाइन पापण्यांवर लावलं तर चालेल का?

कडक_चहा
पापण्यांवर, तोंडात नाही. शाळा सगळ्या फोडांवर खपल्या धरल्यावर, शेवटच्या फोडाचीसुद्धा. फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतं, म्हणजे वर्गात प्रसाद वाटून झालाय आधीच.

नवी_आई
डॉक्टरांशी बोलले. ताप आणि अंगावर लक्ष ठेवा, ताप आला तर कळवा म्हणाले. उद्या दाखवायला बोलावलंय. थँक्यू सगळ्यांना.

भिया_बोलो
बरं झालं. सराफ्यात शिकंजी सर्वात भारी कुठली त्याचा निकाल कोण लावतंय? छप्पनताई, तुमचे यजमान कुठून आणायचे ते विचारा बरं.

छप्पनची_पंखा
विचारलं. "दुकान आठवत नाही, उधारी होती" म्हणतोय.