मदत हवी आहे: 'असं झालं असतं तर' प्रकारच्या मराठी कथा

नमस्कार मंडळी. मी अमळनेरचा. २० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले. तेव्हापासून त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा तीनदा वाचून झाली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतच्या लढाईत पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना लागलेली गोळी कथेत कानाजवळून निघून जाते, आणि पुढचा सगळा हिंदुस्थानच वेगळा होतो. तरी माझा जीव अडकतो तो शेवटी. त्या वेगळ्या जगात जाऊन पोचलेले गंगाधरपंत आपल्या जगात परततात आणि खिशात बखरीचं एक फाटकं पान! आमच्या आजोबांच्या प्रतीत त्या ओळीशेजारी पेन्सिलीने बारीक 'अरे!' लिहिलंय. आजोबा नाहीत आता, पण त्या पानावर आलो की ते शेजारी बसून वाचताहेत असं वाटतं.

गावातल्या नववी-दहावीच्या पोरांसोबत दर रविवारी वाचन करतो. त्यांना हाच खेळ आपल्या मातीत मांडून द्यायचाय. जानेवारी १६०१ मध्ये बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड अकबराच्या हाती गेला आणि फारुकी सुलतानांचं खान्देशचं राज्य संपलं. गड पडलाच नसता तर? थाळनेर, बुऱ्हाणपूर, आपली तापी, सगळं कसं असतं?

दोन गोष्टी सांगा. नारळीकरांखेरीज मराठीत अशा कथा कोणी लिहिल्यात? आणि असीरगडच्या वेढ्यावर पोरांना झेपेल असं मराठी पुस्तक कोणतं? जुनी प्रत कुणाकडे असेल तर जळगाव-धुळ्यापर्यंत मी स्वतः येऊन नेईन, जपून परत करीन.