शब्दचर्चा: हिमालयातल्या जंगलांसाठी तोड, छाटणी की विरळणी?

दहिसरकर: गढवाल-कुमाऊंच्या जंगलांवरचा एक अहवाल मराठीत आणायचा आहे. 'थिनिंग'ला छाटणी आणि 'शेल्टरवुड'ला छायावृक्ष पद्धत असं सुचवलं गेलंय. चालेल?

पानगळ: छाटणी नको. मुंबईत छाटणी म्हणजे पावसाळ्याआधी पालिका रस्त्याकडेच्या फांद्या उतरवते ती. थिनिंगमध्ये अख्खं झाड जातं. ज्वारीची करतात तीच ही विरळणी, तोच शब्द घ्या. दाटीत वाढलेल्या कोवळ्या चिडांमधली (चीड म्हणजे हिमालयातला पाइन) दबलेली, वाकडी, रोगट झाडं काढायची, म्हणजे उरलेल्यांना उजेड आणि पाणी मिळतं. फार उशीर झाला तर सगळीच झाडं शेलाटी होतात. मग एका दमात बरीच काढली की उरलेली वाऱ्याने, बर्फाच्या भाराने मोडतात. म्हणून थोडी थोडी, ठरावीक वर्षांनी. अहवालात झाडाचा घेर किंवा व्यास 'छातीच्या उंचीवर' असेल तर ती आपल्याकडे १.३७ मीटर धरतात, आणि उतारावर वरच्या अंगाने मोजतात. एवढी तळटीप जरूर द्या.

रानवाटा: छायावृक्षाने तर अर्थच उलटा होतो. चीड उजेडाचं झाड, सावलीत त्याची रोपं तग धरत नाहीत. इथे जुनी झाडं राखतात ती मुख्यतः बियांसाठी, हेक्टरी साधारण १२ ते २५. तीव्र, उन्हाच्या उतारावर जास्त. बाकीची तोडून जागा मोकळी करतात. बी उन्हाळ्यात गळतं, पावसाबरोबर रुजतं. मग ती जागा चराईला बंद. रोपं जोमात आली की राखलेली झाडंही काढतात. घात होतो तो आगीने: चिडाच्या सुया, तिकडे पिरूल म्हणतात, उन्हाळ्यात पेटल्या की कोवळी रोपं जातात आणि सगळं पहिल्यापासून. तेव्हा 'बीजवृक्ष राखून टप्प्याटप्प्याने तोड' असं लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

दहिसरकर: आणि अहवालातली, तिथल्या डोंगरांमधली १९८१ची 'वृक्षतोड बंदी'?

पानगळ: 'हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी' लिहा, '१००० मीटरच्या वर' हे सोडू नका. वाळलेली, उन्मळलेली झाडं त्यात येत नाहीत. नुसतं वृक्षतोड म्हटलं की आरेच्या आठवणीने मुंबईचा वाचक सपाट झालेली जमीनच पाहतो. विरळणी आणि सफाचट तोड एकाच शब्दात कोंबली, तर हा अहवाल कुणाला कळणारच नाही.

संरक्षण आणि संवर्धन हेही एकमेकांच्या जागी वापरू नका. १९८०च्या वन कायद्याच्या नावात २०२३च्या दुरुस्तीपासून दोन्ही शब्द आहेत. राखणं वेगळं, वाढवणं वेगळं.

रानवाटा: अहवालातल्या 'शाश्वत' या शब्दाला माझी हरकत नाही, पण पहिल्यांदा येईल तिथे फोड करा: जेवढं लाकूड वर्षाला वाढतं त्याहून जास्त काढायचं नाही. आणि लगेच पुढे हेही, की एवढ्याने भागत नाही. बांजाचं, म्हणजे तिथल्या ओकचं, जंगल वारंवार पाला तोडून, चारून झिजलं आणि तिथे चीड घुसलं, तर घनमीटरचा हिशेब जुळेल, पण चारा, ओल आणि बांजाखालची काळी माती गेलेली असेल. त्या जागी 'वनाच्छादन कायम' असं लिहिलेलं असेल तर पुढे 'झाडोरा बदलला' हे शब्द हवेतच.