मदत हवी आहे: ईडीएसमध्ये (क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्यं ओळखणारी पद्धत) गंधक आणि मॉलिब्डेनम एकाच शिखरात, प्रमाण कसं काढू?

नमस्कार मंडळी,

स्टीलवर स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने पदार्थाचे अणू उडवून थर देण्याची पद्धत) चढवलेला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा थर आहे, जाडी एक मायक्रॉनच्या आसपास. त्यातलं अणूंचं प्रमाण (गंधक भागिले मॉलिब्डेनम) हवंय. सूत्राप्रमाणे ते २ असायला हवं, पण स्पटर केलेल्या थरात गंधक कमी पडतो आणि ऑक्सिजन त्याची जागा घेतो. त्यामुळे सूत्रावर विसंबून चालत नाही.

एसईएमवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टर आहे, बीम १५ केव्हीवर (किलोव्होल्ट) ठेवून मोजतोय. गंधकाची के-अल्फा ही क्ष-किरण रेषा २.३०७ केईव्हीला (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे हजार इव्ही), मॉलिब्डेनमची एल-अल्फा २.२९३ ला. मध्ये जेमतेम १४ इव्ही! पडद्यावर एकच जाडजूड डोंगर दिसतो. उजवीकडे खांदा आहे, पण तोही दोघांचा सामायिक (मॉलिब्डेनमची एल-बीटा २.३९५, गंधकाची के-बीटा २.४६४). सॉफ्टवेअर बिनदिक्कत आकडा देतं. त्याच स्पेक्ट्रममध्ये पार्श्वभूमीची हद्द जराशी सरकवली की १.६ चं १.९ होतं, आणि फिट दोन्ही वेळा सुरेख!

मॉलिब्डेनमची के-अल्फा (१७.४८) एकटी आहे, पण तिच्यासाठी २० केव्हीच्या बऱ्याच वर जावं लागतं. ३० ला बीम थर ओलांडून स्टीलमध्ये घुसतो.

आमच्याकडे डिटेक्टर बदलायचं चाललंय. जास्त चांगल्या रिझोल्युशनचा (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवणारा) घेतला तर सुटेल का हे?

प्रतिसाद १
डिटेक्टरवर पैसे घालू नका, निदान या कारणासाठी तरी. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन-होल जोडी तयार व्हायला सुमारे ३.६५ इव्ही लागतात. म्हणजे २.३ केईव्हीच्या फोटॉनमागे जेमतेम ६३० जोड्या, आणि त्या संख्येतच चढउतार असतो. इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट शून्य धरला तरी शिखराची रुंदी ७० इव्हीच्या खाली जात नाही. तुमचा बहुधा ८०-९० वर असेल. १४ इव्ही वेगळे करायला डब्ल्यूडीएस (स्फटिकाने क्ष-किरण तरंगलांबीनुसार वेगळे करणारी पद्धत) हवं, त्यातल्या पीईटी स्फटिकावर दोन रेषा वेगळ्या ओळखता येतात. मायक्रोकॅलरीमीटर (फोटॉनमुळे वाढलेलं तापमान मोजणारा डिटेक्टर) तर काही इव्हीपर्यंत जातो, पण तो केल्व्हिनच्या दहाव्या भागाइतका थंड ठेवावा लागतो.

प्रतिसाद २
डब्ल्यूडीएस मिळेपर्यंत हे करा. केव्ही ७ वर आणा. दोन्ही रेषा उठतात (कडा, म्हणजे त्या उठायला लागणारी किमान ऊर्जा, २.५ केईव्हीच्या आसपास आहेत) आणि बीम थराच्या वरच्या अर्ध्या मायक्रॉनातच थांबतो. १५ वर तुम्हाला लोखंड दिसत असेलच. सॉफ्टवेअरमधले तयार संदर्भ सोडा. शुद्ध मॉलिब्डेनम आणि पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) याच डिटेक्टरवर, याच सेटिंगला मोजा आणि त्यांच्या शिखरांचे आकार फिटला द्या. मग मॉलिब्डेनाइटचा (मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं नैसर्गिक खनिज) ताजा सोललेला तुकडा अनोळखी नमुना म्हणून मोजा. गंधक वजनाने ४०.०६ टक्के यायला हवा. तिथेच गडबडलं तर थराच्या आकड्याला अर्थ नाही.

धागाकर्ता
लोखंड दिसतंच, बरोबर. अजून एक: १५ केव्हीवर ४.६ ला बारीक शिखर येतं, सॉफ्टवेअर त्याला टायटॅनियम म्हणतं. खाली टायटॅनियमचा थर दिलेलाच नाही.

प्रतिसाद २
टायटॅनियम ४.५१ ला येतो. हे २.३ चे दोन फोटॉन एकदम पोचल्यामुळे झालेलं बेरजेचं शिखर आहे. बीमचा प्रवाह निम्मा करून पाहा, मुख्य शिखराच्या तुलनेत तेही साधारण निम्मं होईल. आणि मोजणी कमी प्रवाहावरच ठेवा, वेळ वाढवा.