मदत हवी: १३४००एफ घेऊ की ५७००एक्स? उद्या सकाळी दुकानात जायचंय

वारणाकाठ (धागाकर्ता), रात्री ८:४०
नमस्कार मंडळी. नवा पीसी असेंबल करायचाय. दुकानदाराने दोन कोटेशनं दिलीत. एकात इंटेल आय५ १३४००एफ प्रोसेसर, दुसऱ्यात रायझन ७ ५७००एक्स. किमतीत फरक थोडाच आहे. काम एडिटिंग आणि डिझाइनचं. सध्या टाइमलाइन इतकी अडकते की एक कट मारायला पाच-पाच सेकंद थांबावं लागतं. तुळशीचं लग्न झालं की तारखा सुरू, चार ऑर्डरी घेतल्यात आणि मागच्या सीझनचा एक हायलाइट अजून द्यायचाय. उद्या ॲडव्हान्स देणार. दोघांतला कोणता, तेवढं सांगा.

रायझनवाला, ८:५२
५७००एक्स. आठ पूर्ण कोर, म्हणजे काम करणारे आठ भाग, आणि सोळा थ्रेड, म्हणजे एकदम सोळा कामं. इंटेलच्या १३४०० मध्ये दहा कोर लिहितात, पण त्यातले चार छोटे असतात. खरं तर माझं ऐकाल तर एएम५ वर जा, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या नव्या सॉकेटवर. ५७००एक्सचा एएम४ सॉकेट आता संपत आलाय. एएम५ २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत तरी चालवणार असं एएमडीने जाहीर केलंय. पुढे बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येईल.

लॅमिंग्टनकर, ८:५८
वारणाकाठ, सॉफ्टवेअर कोणतं? कॅमेरा कोणता? आत्ता मशीन काय आहे, ग्राफिक्स कार्ड आहे का, बजेट किती? याशिवाय सांगणं म्हणजे अंदाजाने गोळी देणं.

वारणाकाठ, ९:०५
व्हिडिओला प्रीमियर, डिझाइनला कोरलड्रॉ. फोरके शूट करतो. बजेट ७५ हजार, कॅबिनेट आणि मॉनिटर आहेत. मला खरंच दोघांतला एकच सांगा, सकाळी दहाला जायचंय.

मुळामुठा, ९:११
७५ हजारात मॅक मिनी एम४ घ्या आणि निवांत व्हा. मी गेलं वर्षभर त्यावर रील्स आणि कॉर्पोरेट व्हिडिओ करतेय. आवाज नाही, गरम होत नाही, वीज किती कमी खातो.

वारणाकाठ, ९:१४
ताई, पत्रिका आणि फ्लेक्सच्या दहा वर्षांच्या फायली कोरल आणि श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ते सगळं विंडोजवर आहे. मॅक नको.

अक्षरजुळणी, ९:२०
श्रीलिपीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आता युनिकोडवर या. फोटोशॉपमध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटत असतील तर वर्ल्ड-रेडी लेआउट हा पर्याय निवडा. प्रीमियरमध्येही ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडायचा पर्याय आहे. हे न केल्यामुळे ‘श्री’चा ‘शर्ी’ झालेली टायटलं लग्नाच्या व्हिडिओत मी स्वतः पाहिलीत. आयुष्यभर जपायच्या व्हिडिओत नाव तरी नीट यावं.

लॅमिंग्टनकर, ९:२४
उपयोगाचं आहे, पण त्यांनी ते विचारलेलं नाही. वारणाकाठ, कॅमेऱ्याचं नाव आणि कार्ड अजून राहिलंय.

वारणाकाठ, ९:३१
सोनी ए७ फोर. आधी ए७ थ्री होता, तेव्हा याच मशीनवर काही अडकत नव्हतं. मशीन आय७ ६७००, १६ जीबी, जीटीएक्स १६६० सुपर. फूटेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर.

फडके_बेंगळुरू, ९:३५
हार्ड डिस्क! दोष तिथे आहे. एसएसडी घ्या, प्रोसेसर राहू द्या.

चौकट, ९:४७
हार्ड डिस्क नाही. सोनीचं फोरके २५पी (सेकंदाला २५ फ्रेम), ४:२:२ १० बिट (रंगाची जास्त माहिती असलेलं) म्हणजे १४० मेगाबिट, साधारण साडेसतरा मेगाबाइट दर सेकंदाला. एका क्लिपला तेवढं कुठलीही डिस्क देते. मल्टिकॅममध्ये तीन क्लिपा एकदम चालवल्या तर वेगळी गोष्ट.

‘ए७ थ्रीच्या वेळी अडकत नव्हतं’ हे धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. ए७ थ्री ८ बिट ४:२:० देतो, त्यात रंगाची माहिती कमी असते. ते उलगडायला, म्हणजे दाबून साठवलेलं पुन्हा चित्रात आणायला, जवळपास प्रत्येक ग्राफिक्स कार्डात वेगळं सर्किट असतं. ए७ फोरवर तुम्ही ४:२:२ १० बिट निवडलं असणार. १६६० ला ते उलगडता येत नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर येतो. या फायलींमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते, आधीच्या-नंतरच्या फ्रेमवरून बनवावी लागते. तुम्ही प्लेहेड मागे ओढता तेव्हा एका फ्रेमसाठी दहा-बारा फ्रेम उलगडाव्या लागतात.

आत्ता एक करा. टास्क मॅनेजर उघडून टाइमलाइन चालवा. सीपीयू किती टक्के आणि जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डिकोड किती ते सांगा. आणि कॅमेऱ्यात फाइलचा फॉर्मॅट एक्सएव्हीसी एस आहे की एचएस?

वारणाकाठ, १०:०२
सीपीयू १००, व्हिडिओ डिकोड शून्य. फॉर्मॅट एस, २५पी, ४:२:२ १० बिट. मग प्रोसेसरच बदलायला हवा ना?

रायझनवाला, १०:०६
सीपीयू १०० म्हणजे कोर कमी पडतायत. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

चौकट, १०:१८
नव्या प्रोसेसरने फरक पडेल, कबूल. पण दुकानदाराने दिलेल्या दोन्ही प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नाही. १३४००एफ मधल्या ‘एफ’चा अर्थच तो. इंटेलचं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारं सर्किट, त्या ग्राफिक्समध्येच असतं, एफ घेतला की तेही गेलं. एडिटिंगला आलेल्या गिऱ्हाईकाला एफ सुचवतात याचा मला मनापासून राग येतो. थोडे पैसे वाचतात आणि पुढची पाच वर्षं माणूस टाइमलाइनपुढे ताटकळतो.

आता तुमच्या बाबतीतली अडचण. क्विक सिंक ४:२:२ १० बिट उलगडतं, पण फक्त एच.२६५ मधलं, म्हणजे व्हिडिओ दाबायच्या नव्या पद्धतीतलं. तुमचं एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४, जुनी पद्धत. त्यात ते चालत नाही. सोनीचं एच.२६५ म्हणजे एचएस.

वारणाकाठ, १०:२३
एचएसमध्ये २५पी दिसतच नाही, ५०पी आहे. आणि ५०पी ला क्रॉप होतो, कडा कापल्या जातात. मांडवात मागे सरकायला जागा नसते.

चौकट, १०:२९
बरोबर, कॅमेऱ्याच्या पाल सेटिंगमध्ये (आपल्याकडचं २५/५० फ्रेमचं) तसंच आहे. तुमच्या फायली जशाच्या तशा चालवायच्या तर एकच वाट: आरटीएक्स ५० मालिकेचं कार्ड. २०२५ मध्ये आलेली ही मालिका एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हीतलं ४:२:२ उलगडते. ४० मालिका ते करत नाही, तेव्हा स्वस्त मिळतंय म्हणून जुनं घेऊ नका. प्रीमियर अपडेट केलेलं हवं.

लॅमिंग्टनकर, १०:३६
मग माझं मत: उद्या फक्त आरटीएक्स ५०६० घेऊन याच मशीनमध्ये टाका. कार्ड १४५ वॅटचं आहे, पॉवर सप्लाय ५५० चा आहे का तेवढं बघा. बाकी पैसे राखून ठेवा.

चौकट, १०:४४
अर्धं पटतं. ६७०० वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. गिऱ्हाईकांची कामं त्या मशीनवर फार काळ ठेवू नयेत. मी कार्ड आधी घेईन, सीझनचे पैसे आले की आय५ १४५०० किंवा १३५००, दोन्ही एफ नसलेले. कोरल आणि फोटोशॉपला एका कोरचा वेग लागतो, कोरांची संख्या नाही, त्यामुळे आय५ पुरतो. रॅम मात्र ३२.

रायझनवाला, १०:५१
१३व्या-१४व्या पिढीच्या इंटेलचा जास्त व्होल्टेजने बिघडण्याचा घोळ विसरलात? २०२४ मध्ये इंटेलला स्वतः मान्य करावं लागलं.

चौकट, १०:५५
विसरले नाही. ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरचा दुरुस्ती-अपडेट, आलाय, काही मॉडेलांची वॉरंटीही दोन वर्षं वाढवली. घेतल्या दिवशी बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायचा. तेवढी धास्ती असेल तर १२५०० घ्या, त्या पिढीत तो दोष नाही.

वारणाकाठ, ११:०४
उद्या ॲडव्हान्स देत नाही. पण हायलाइट गुरुवारी द्यायचाय, तोवर काय करू?

चौकट, ११:०८
प्रॉक्सी, म्हणजे कापाकापीपुरत्या हलक्या प्रती. सगळ्या क्लिपा निवडून राइट क्लिक, प्रॉक्सी, क्रिएट प्रॉक्सीज, प्रोरेस प्रॉक्सी. रात्रभर मशीन चालू ठेवा. एक्सपोर्ट मूळ फायलीवरूनच होतो, दर्जा जात नाही. आणि पुढच्या हळदीला एस-लॉग (रंग नंतर सुधारायची सोनीची फिकी प्रोफाइल) लावणार नसाल तर कॅमेऱ्यात ४:२:० ८ बिट ठेवा. एस-लॉगमध्ये ८ बिट वापरू नका, आकाशात पट्टे दिसतात.

वारणाकाठ, दुसऱ्या दिवशी सकाळी ७:५०
रात्री प्रॉक्सी लावल्या, सकाळी हळदीचा भाग अर्ध्या तासात कापून झाला. त्याच मशीनवर! चौकटताई, खरंच आभार. दुकानदाराला ५०६० चा भाव विचारलाय. पॉवर सप्लाय ४५० चा निघाला, तोही बदलतो.

नवखा_नांदेड, ९:१५
माझ्याकडे कॅनन आर६ आहे, सी-लॉग (कॅननचं एस-लॉगसारखंच). मलाही हे कार्डच घ्यावं लागेल का?

चौकट, ९:४०
नाही. आर६ सी-लॉगमध्ये एच.२६५ देतो. तुम्हाला वर सांगितलेल्यांपैकी एफ नसलेला इंटेल पुरेल. बायोसमध्ये अंगचं ग्राफिक्स चालू ठेवा आणि प्रीमियरच्या मीडिया प्रेफरन्सेसमध्ये इंटेलवर टिक करा. सॉफ्टवेअर प्रीमियरच आहे ना?