मदत हवी आहे: बुद्धिबळाच्या या डावात १६व्या चालीला हत्ती जी१ (जी स्तंभ, पहिली ओळ) घरावर का नाही?

अडकलेला_उंट: सोव्हिएत विश्वविजेता स्पास्की काळ्याकडून हत्ती फुकट देतो तो डाव बघतोय. शेवटी पांढऱ्याने हत्ती एफ१ ऐवजी जी१ वर नेला असता तर काळ्याचं जी२चं प्यादं तिथेच अडलं असतं ना? इंजिन (बुद्धिबळाचा संगणक प्रोग्रॅम) नुसता आकडा दाखवतं, कारण सांगत नाही. रविवारी स्पर्धा आहे, मला पांढऱ्याने पहिलीच चाल बी३ (बी स्तंभातलं प्यादं एक घर पुढे) खेळायचीय, लार्सनसारखी. लवकर सांगा.

पटावरचा: कोणता डाव? समोर कोण? स्पास्कीने काय एकदाच हत्ती दिलाय?

अडकलेला_उंट: डेन्मार्कचा लार्सन, पांढऱ्याकडून! १७ चालींचा. दुसरा कोणता असणार?

जुना_खेळाडू: मग बेलग्रेड १९७०, सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग हा सांघिक सामना, दुसरी फेरी. अमेरिकेच्या फिशरने जगाच्या संघातला पहिला पट (संघातली पहिली जागा) लार्सनला सोडला होता, स्वतः दुसऱ्यावर बसून माजी विश्वविजेत्या पेट्रोस्यानला ३-१ ने धुतला.

ई४_झिंदाबाद: बी३ खेळलं की असंच होतं. पहिल्या चालीला ई४ (राजासमोरचं प्यादं दोन घरं) खेळा, सुखी राहा.

जुना_खेळाडू: काहीही! त्याच वर्षी फिशरने पाल्माच्या स्पर्धेत ब्राझीलच्या मेकिंगला बी३ नेच हरवलं. आणि लार्सनने तिसऱ्या फेरीत स्पास्कीची परतफेड केली, तेही सांगा की. आपल्या १७ चालींच्या डावात लार्सनचा एक घोडा डी४ वर गेला, सी६ वर मारामारी करून संपला. बी१चा घोडा आणि ए१चा हत्ती शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. बी३ बिचारं काय करणार?

ई४_झिंदाबाद: तेच तर म्हणतोय.

पटावरचा: मूळ प्रश्नाकडे या. १६. हत्ती जी१ला काळ्याचा वजीर एच४, शह. राजा डी१. आता वजीर एच१! हत्तीने वजीर मारला तर जी२चं प्यादं तो हत्ती मारून तिथेच वजीर होतं, वर शह. नाही मारला तर वजीर जी१ खातो, तोही शह देऊन. पांढऱ्याने १८. वजीर सी३ खेळून राजाला सी२ मोकळं केलं तरी पुढे काळा वजीर एफ२ वर येतो. ई२चा उंट मारात, जी१चं घर रिकामं, प्यादं तयार.

अडकलेला_उंट: पण शहाला राजा एफ१ वर नेला तर? डी१ वरच का जायचं?

पटावरचा: जी२चं प्यादं एफ१ वर मारतं, दादा.



अडकलेला_उंट: बरं, जी१ समजलं. पण बी३ला समोरच्याने पहिल्या चालीत स्पास्कीसारखं ई५ न करता डी५ केलं तर?

पटावरचा: नवा धागा काढा.