बोटीवरून कधीच न उतरलेला पियानोवाला : गोव्यातल्या प्रेक्षकांनो, तुमचा अनुभव लिहा

मंडळी, जुझेप्पे तोर्नातोरे यांचा १९९८ चा ‘द लेजंड ऑफ १९००’ आम्ही काही जणांनी पणजीत एका घरी जमून पाहिला. संपल्यावर रात्री उशिरापर्यंत कुणी उठेना, म्हणून हा धागा. इथे शेवटासकट सगळं उघड होणार आहे, तेव्हा न पाहिलेल्यांनी आधी पाहून यावं.

गोष्ट अशी. ‘व्हर्जिनियन’ बोटीच्या पहिल्या वर्गाच्या नाचघरात, पियानोवर लिंबांच्या खोक्यात ठेवलेलं तान्हं मूल डॅनी बूडमन या कोळसा टाकणाऱ्या खलाशाला सापडतं. साल १९००, तेच मुलाचं नाव. डॅनी अपघातात जातो, पोरगा कुणी न शिकवता पियानो वाजवू लागतो आणि जन्मभर जमिनीवर पाऊल ठेवत नाही. युद्धानंतर बोट सुरुंग लावून उडवायची ठरते, तेव्हाही तो आतच. सांगणारा मॅक्स टूनी, त्याच्या बँडमधला ट्रम्पेटवाला. मूळ लेखन अलेस्सांद्रो बारिक्को यांचं, एकट्या नटाने बोलायचं. संगीत एन्नियो मोरिकोने यांचं, आणि त्यासाठी त्यांना गोल्डन ग्लोब मिळालं.

बाहेरचे लोक याला परीकथा म्हणतात. इथे सासष्टी-बारदेशात तारवट्याचं, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्याचं, घर नाही असा गाव सापडणं कठीण, त्यामुळे आपल्याला हा सिनेमा वेगळा दिसतो असं मला मनापासून वाटतं. तो उतरला नाही, त्याबद्दल तुम्हाला काय वाटलं?

वास्कोहून

बाबा मालवाहू बोटींवर इंजिनरूममध्ये ऑइलर होते. साइन ऑफ करून, म्हणजे बोटीवरची फेरी संपवून, घरी आले की सुरुवातीला त्यांना झोपच लागायची नाही, कारण इंजिनाची घरघर थांबलेली असायची. मग आई पंखा पाचवर ठेवायची, डिसेंबरातसुद्धा, आणि आम्ही भावंडं गोधडी डोक्यावरून ओढून झोपायचो.

सिनेमा मी त्यांच्या शेजारी बसून पाहिला. पियानोकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते बॉयलर बघत होते, फावडी बघत होते, डॅनीच्या तोंडावरची काजळी बघत होते. मग तो प्रसंग आला. बोट न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलीय, कोट-टोपी घालून, सगळ्यांचा निरोप घेऊन तो गँगवे, म्हणजे बोटीवरून उतरायची शिडी, उतरतोय, आणि मधेच थांबतो. बाबा लगेच म्हणाले, “तो देंवचो ना.” (तो उतरणार नाही.) पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं. कसं कळलं विचारलं, तर म्हणाले, उतरणारा माणूस गँगवेवर पायांकडे बघतो, हा शहराकडे बघतोय.

पुढे तो मॅक्सला सांगतो की पियानोच्या पट्ट्या अठ्ठ्याऐंशी, त्या कुठे संपतात ते मला दिसतं, शहर कुठे संपतं ते दिसलं नाही. बाबांनी हे एका नजरेत आधीच ओळखलं होतं. तो उतरला नाही याचं त्यांना काही वाईट वाटलं नाही. मला वाटलं, अजून वाटतं.

फोंड्याहून, हार्मोनियमची साथ करणारा

माझ्यासाठी सिनेमा म्हणजे तबकडीचा प्रसंग. ध्वनिमुद्रण करायला माणसं बोटीवर आलीत. तो वाजवायला बसतो, समोरच्या गोल खिडकीबाहेर एक मुलगी येऊन उभी राहते, आणि हातातलं वादन तिथल्या तिथे वळतं. पट्ट्यांवरून बोटं उचलत नाही, नजरही तिच्यावरून काढत नाही. मग ते वाजवलेलं त्याला ऐकवतात आणि तो तबकडीच काढून घेतो. माझं संगीत माझ्याशिवाय कुठेही जाणार नाही, असं त्याचं म्हणणं.

आमच्याकडच्या बैठकींत वाढलेल्याला यात नवल नाही. थोर गवई अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले, त्यांच्या आवाजाची एकही तबकडी मागे नाही. तसेच गायक भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचीही नाही. आपल्या गायिका, केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई, ज्या खाँसाहेबांकडे शिकल्या, ते स्वतः कसे गात हे आज आपण फक्त शिष्यांच्या गळ्यावरून ताडायचं. तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल मावत नाही, हे एक कारण सांगतात. आपली चीज, म्हणजे बंदिश, कुणी उचलेल, ही भीतीही होती. पण मला वाटतं खरी गोष्ट अशी की समोर मान डोलावणारा माणूस नसला तर गाणं पुढे सरकत नाही. त्या प्रसंगात खिडकीतली मुलगी हेच काम करते, आणि तिला ते माहीतही नसतं.

आणि उलट बाजूही आपल्याच घरातली. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकड्यांत केसरबाईंची भैरवी आहे. बाई त्याच वर्षी गेल्या. त्यांचा आवाज त्यांच्याशिवाय इतका लांब गेला, याचा मला अभिमानच आहे. म्हणून १९०० ने पुढे स्वतःच मोडून टाकलेल्या त्या तबकडीचे तुकडे मॅक्सने जोडून पियानोत लपवले, ते त्याने फार योग्य केलं. खाँसाहेबांची अशी एक जोडलेली तबकडी असती, तर तिच्यासाठी मी इथून कोल्हापूरपर्यंत चालत गेलो असतो.

मडगावहून, पियानो शिकवते

१९०० झालेल्या टिम रॉथने हाताच्या हालचाली छान उचलल्यात, पण खरं वादन गिल्दा बुत्ता या पियानोवादिकेचं आहे, तिचं नाव इथे यायलाच हवं. जेली रोल मॉर्टनशी होणाऱ्या पियानोवादनाच्या सामन्यानंतर तो पियानोच्या तापलेल्या तारांवर सिगारेट पेटवतो. तसं होत नाही हे मला माहीत आहे, तरी अंगावर काटा आला. मॉर्टन मात्र खरा माणूस, न्यू ऑर्लिन्सचा, जॅझ मीच निर्माण केलं असं सांगणारा.

मला सारखी काळजी वाटत होती ती त्या पियानोची. खारी हवा, ओल, गंजणाऱ्या तारा. गोव्यात पावसाळाभर आम्ही पियानोच्या पोटात छोटा बल्ब पेटता ठेवतो, तरी ऑगस्टपर्यंत पट्ट्या फुगून अडकतात. समुद्रात सुरात ठेवणारा कोण होता? त्यालाही एक प्रसंग द्यायला हवा होता.

साखळीहून

मला आवडला नाही. इटलीतली प्रत पावणेतीन तासांच्या आसपास, बाहेर दाखवलेली दोन तासांची, आणि ती दोन तासांचीही मला लांबली. त्या मुलीला धड चार वाक्यं नाहीत. वादळात चाकांचा ब्रेक काढलेला पियानो नाचघरभर फिरतो तेवढा प्रसंग मात्र पुन्हा लावून बघितला.

पणजीहून

मुंबईच्या आगबोटी आठवल्या, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’. पावसाळ्यात बंद असायच्या. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, डेकवर चादर पसरून जागा धरायची, रात्री कुणीतरी पेटी काढायचं, मग भजनं. सिनेमात अमेरिका पहिल्यांदा दिसते आणि कुणीतरी एकच जण ओरडतो, तसं आमच्याकडे पहाटे गोव्याचा किल्ला दिसला की कुणीतरी “आग्वाद!” म्हणून ओरडायचं आणि निम्मं डेक उठून कठड्याशी यायचं. तो तिसऱ्या वर्गात जाऊन वाजवतो ते मला म्हणूनच सगळ्यात जवळचं. वरच्या नाचघरात तो नोकरी करतो.

डिचोलीहून, क्रूझवर की-बोर्ड वाजवतो

वरच्या काकांचं शेवटचं वाक्य अगदी खरं. आम्ही रोज संध्याकाळी तीच गाणी वाजवतो, ऐकणारे आठवड्याला बदलतात. केबिन खाली, खिडकी नसलेली. समुद्र तापला की आधी स्टँड बेल्टने बांधायचा, मग स्वतःला सांभाळायचं. कुणालाही ब्रेक काढावासा वाटत नाही. आणि १९०० कडे जन्माचा दाखला नाही, पासपोर्ट नाही. आज सीडीसीशिवाय, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकाशिवाय, एजंट दारात उभं करत नाही.

२०२० च्या मार्चनंतर प्रवासी उतरले आणि आम्ही बोटीवर राहिलो. बंदर समोर दिसायचं, उतरायची परवानगी नव्हती. घरी आईला फोनवर रोज तेच सांगायचं, बघू, उद्या कळेल. नाचघर रिकामं होतं, पियानो उघडा होता, पण वाजवायला कुणी बसत नव्हतं. हा सिनेमा मी त्यानंतर पाहिला आणि मला १९०० चा राग आला. त्याच्यापुढे शिडी लावलेली होती.

धागाकर्ती

वास्कोच्या ताई, तुमच्या बाबांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. डिचोलीच्या मित्रा, तुझा राग पटतो.

माझं मत सांगते. इथे बसून मला १९०० पेक्षा मॅक्स जास्त आपला वाटतो. तो उतरला, पोटापाण्याला लागला, ट्रम्पेट विकायला दुकानात गेला, आणि देण्यापूर्वी एकदाच वाजवू द्या म्हणाला. आपली अशी कितीतरी माणसं मुंबईला गेली. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन शिकले. शंकर-जयकिशन यांची गाणी वाद्यांत बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. ही नावं निदान कुणाला तरी माहीत आहेत. त्यांच्या मागे ओळीने बसून वाजवणाऱ्यांची नावं गाण्याच्या तबकडीवर कधी छापली गेली नाहीत.

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी बोटीवर, हॉटेलात किंवा स्टुडिओत वाजवत असेल, तर ते कोणतं वाद्य वाजवत, कुणाकडे शिकले आणि ते वाद्य आता कुठे आहे, एवढं इथे लिहाच.