लॅपटॉप बूट होईना: ग्रब लगेच पुन्हा बसवायचा, की आधी नेमकं काय तुटलंय ते शोधायचं?

कंदील

लिनक्सचा लॅपटॉप सुरू होत नाही अशी तक्रार आली की उत्तर ठरलेलं असतं: पेनड्राइव्हवरून लाइव्ह प्रणाली चालू करा, ग्रब (लॅपटॉप चालू होताच लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर) पुन्हा बसवणारं बूट-रिपेअर हे साधन चालवा, काम झालं. हा सल्ला मला चुकीचा वाटतो. साधन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. काय तुटलंय हे न विचारताच ते चालवायला सांगतात, त्याला माझा विरोध आहे.

माझ्याच लॅपटॉपचं सांगतो. लिनक्सचं पार्टिशन अपुरं पडत होतं, म्हणून डिस्कवर मोठं नवं पार्टिशन केलं. सगळ्या फायली तिकडे उतरवल्या, एफएसटॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) नवा यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळखक्रमांक, लिहिला, सीएचरूट करून (त्या नव्या प्रतीच्या आत शिरून) अपडेट-ग्रब चालवलं आणि जुनं पार्टिशन पुसलं. लॅपटॉप सुरू केला तर काळ्या पडद्यावर 'नो सच डिव्हाइस', त्यापुढे लांबलचक यूयूआयडी आणि खाली नुसता 'ग्रब>' असा प्रॉम्प्ट. मी घाबरलो आणि ठरलेल्या वाटेनेच गेलो. साधन म्हणालं, आधी एक मेगाबाइटचं बायॉस-बूट पार्टिशन लागेल. तेही केलं. मग 'यशस्वी' असा संदेश आला. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर तोच पडदा आणि तोच यूयूआयडी. असं तीनदा झालं.

चौथ्या वेळी साधनाला हात न लावता तो यूयूआयडी नीट वाचला. तो पुसलेल्या पार्टिशनचा होता! म्हणजे ग्रब सुरू होत होता, पण जुनं घर शोधत होता. उबुंटूसारख्या वितरणांत ईएफआय पार्टिशनवर (फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलीच मूळ प्रणाली, बूटलोडर जिथे शोधते ती जागा) ग्रबची एक तीन ओळींची छोटी फाइल असते. या यूयूआयडीचं पार्टिशन शोध, तिथली ग्रबची डिरेक्टरी धर आणि तिथली मोठी सेटिंग फाइल वाच, एवढंच तिच्यात असतं. अपडेट-ग्रब ती मोठी फाइल नव्याने लिहितं, या छोटीला शिवतही नाही. ती लिहिण्याचं काम ग्रब-इन्स्टॉलचं.

मग तीनदा 'यशस्वी' कशाला म्हटलं? कारण पेनड्राइव्ह जुन्या बायॉस पद्धतीने बूट झाला होता. साधनाला वाटलं लॅपटॉपच तसा आहे, म्हणून त्याने बायॉससाठीचा ग्रब डिस्कच्या सुरुवातीला बसवला. लॅपटॉप मात्र यूईएफआय या नव्या फर्मवेअर पद्धतीने चालणारा. त्याने त्या ग्रबकडे पाहिलंच नाही. बायॉस-बूट पार्टिशन मागितलं तिथेच मी थांबायला हवं होतं. यूईएफआयने बूट होणाऱ्या यंत्राला ते लागतच नाही.

शेवटी त्या प्रॉम्प्टवर 'एलएस' लिहून डिस्का पाहिल्या, कोणत्या पार्टिशनवर बूट डिरेक्टरी आहे ते शोधलं आणि एकच ओळ लिहिली: कॉन्फिगफाइल (एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी. नेहमीचा मेनू आला. आत गेल्यावर ग्रब-इन्स्टॉल चालवलं आणि विषय संपला.

म्हणून माझं मत असं की साखळी कुठे तुटली हे पडद्यावर बरंचसं लिहिलेलं असतं, ते आधी वाचावं. मेनू न येता थेट विंडोज सुरू झालं तर बहुतेक वेळा फर्मवेअरच्या बूट-क्रमात ग्रबची नोंद खाली गेलेली असते. 'ग्रब>' आलं तर ग्रब सापडला, त्याची सेटिंग सापडली नाही. मेनू आला आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडल्यावर पडदा काळा झाला, तर ग्रबने त्याचं काम चोख केलेलं आहे आणि तो शंभरदा बसवून काहीही बदलणार नाही. तिथे मेनूवर 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीत नोमोडसेट लिहून पाहायचं, म्हणजे ग्राफिक्सचा दोष आहे का ते कळतं. आणि 'इनिटरॅमएफएस' (सुरुवातीची तात्पुरती फाइल सिस्टिम) असा प्रॉम्प्ट आला तर कर्नल उठलाय, त्याला रूट, म्हणजे मुख्य, पार्टिशन मिळत नाहीये.

पाटीपेन्सिल

धागा आवडला, मत अजिबात पटलं नाही.

तुम्ही जे चौथ्या वेळी केलंत ते करायला ग्रबचा प्रॉम्प्ट म्हणजे काय, जीपीटी२ म्हणजे कितवं पार्टिशन, यूयूआयडी कशाचा असतो हे सगळं ठाऊक असावं लागतं. मी गेली कित्येक वर्षं ओळखीच्या लोकांना लिनक्स बसवून देतो. त्यांना उद्या सकाळी काम असतं. रात्री अकराला फोन येतो तेव्हा मी 'साखळी कुठे तुटली ते वाचा' म्हणू? त्यांना मी साधन चालवायला सांगतो आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

दुसरं म्हणजे, हाताने दुरुस्ती करणं सुरक्षित असतं हा तुमचा समज मला मान्य नाही. सीएचरूटच्या सूचना लोक कुठून तरी उचलतात आणि पार्टिशनचं नाव न बदलता तशाच चिकटवतात. डेव्ह, प्रोक, सिस या प्रणालीच्या डिरेक्टऱ्या जोडायचं राहून जातं. ईएफआय पार्टिशन जोडायला विसरतात, मग ग्रब-इन्स्टॉल रुसतं आणि माणूस भलतंच काही फॉरमॅट करून बसतो. साधन किमान ही जोडाजोड तरी चुकत नाही.

आणि शेवटी तुम्हीही ग्रब पुन्हा बसवलाच ना?

कंदील

बसवला, हे खरं. पण योग्य जागी बसवला, आणि योग्य जागा कोणती हे कळल्यावर. आधीचे तीन प्रयत्न चुकीच्या जागी होते आणि यशस्वी म्हणून गणले गेले.

सुरक्षिततेचं म्हणाल तर ग्रबच्या प्रॉम्प्टवर 'एलएस' आणि 'कॉन्फिगफाइल' लिहिल्याने डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. चुकलं तर लॅपटॉप बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. साधन मात्र पहिल्याच फटक्यात डिस्कवर लिहितं. माझ्या डिस्कवर एक नको असलेलं पार्टिशन त्यानेच करायला लावलं.

उंबरा

तुम्ही दोघंही दुरुस्तीवरून भांडताय. मुळात एवढं मोडतं कसं, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

ग्रब ही एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिमच झाली आहे. तिला स्वतःच्या फाइल सिस्टिम वाचता येतात, स्वतःची मॉड्यूल्स आहेत, स्वतःची स्क्रिप्टभाषा आहे. हाताने बदलू नये अशी सूचना माथ्यावर असलेली शेकडो ओळींची फाइल दुसऱ्याच स्क्रिप्टा तयार करतात. ऑगस्ट २०२२ मध्ये आर्च या लिनक्स वितरणावर काय झालं आठवा. ग्रबचं नवं पॅकेज आलं, सेटिंगची फाइल नव्याने तयार झाली, पण ईएफआय पार्टिशनवरचा ग्रब जुनाच राहिला. नव्या फाइलीतली एक आज्ञा जुन्या ग्रबला समजेना आणि अनेकांचे लॅपटॉप बूट होईनात. कंदील यांच्याकडे जे झालं त्याचंच हे भावंड: दोन ठिकाणी दोन फायली, एक बदलली, दुसरी नाही.

मी सिस्टिमडी-बूट हा साधा बूटलोडर वापरतो. पूर्वी याचंच नाव गमीबूट होतं, २०१५ मध्ये ते सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रकल्पात आलं. प्रत्येक कर्नलसाठी एक छोटी मजकूर फाइल: नाव, कर्नल, इनिटरॅमएफएस, पर्याय. डोळ्यांनी वाचता येते, कोणत्याही एडिटरमध्ये दुरुस्त करता येते. पॉप ओएस हे वितरण यूईएफआय यंत्रांवर हेच वापरतं. अशा ठिकाणी साधन की निदान, हा वादच उरत नाही.

रातकिडा

उंबरा, तुमच्या यंत्रावर हे छान चालत असेल, पण सगळ्यांना तोच उतारा देऊ नका.

सिस्टिमडी-बूट फक्त यूईएफआयवर चालतं. जुन्या बायॉसच्या लॅपटॉपवर मुक्त प्रणाली घालून तो आणखी काही वर्षं चालवणारे पुष्कळ आहेत, त्यांना याचा उपयोग नाही. दुसरी अडचण जागेची. कर्नल आणि इनिटरॅमएफएस फर्मवेअरला वाचता येईल अशा ठिकाणी ठेवावे लागतात, म्हणजे बहुतेकदा ईएफआय पार्टिशनवर. विंडोजसोबत आलेल्या लॅपटॉपवर ते पुष्कळदा १०० मेगाबाइटचंच असतं. दोन कर्नलांत भरतं आणि मग अपडेट अर्धवट राहतं. वेगळं विस्तारित बूट पार्टिशन करून मार्ग निघतो हे मला माहीत आहे, पण मग सोपेपणा कुठे राहिला?

मी ग्रबवर आहे कारण त्याला बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम वाचता येते. अपडेट बिघडलं तर मेनूतूनच कालचा स्नॅपशॉट (प्रणालीची जतन केलेली स्थिती) उघडतो. हे सुख मी सोडणार नाही. ग्रबला सगळं जमतं असं मात्र नाही. कुलूपबंद बूट पार्टिशन आणि लक्स२ ही डिस्क एन्क्रिप्ट करण्याची पद्धत, हा त्याचा दुबळा भाग आहे. आवृत्ती २.०६ मध्ये लक्स२ उघडता येतं, पण परवलीच्या शब्दापासून किल्ली पीबीकेडीएफ२ पद्धतीने काढलेली असली तरच. लक्स२ची नेहमीची आर्गॉन२ तिथे चालत नाही, आणि लोक परवलीचा शब्द चुकला समजून रात्र घालवतात.

उंबरा

जागेचा मुद्दा मान्य. नवीन बसवताना ईएफआय पार्टिशन एक गिगाबाइटचं करा, एवढंच मी म्हणेन. बायॉसवाल्यांसाठी ग्रबच ठीक.

निळीशाई

एक वेगळी गोष्ट इथे यायला हवी. बूट होत नाही म्हटलं की दुसरा ठरलेला सल्ला म्हणजे 'सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर चालू न देणारी फर्मवेअरची सोय) बंद करून टाका'. कंदील यांचा आक्षेप याला जास्त लागू पडतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज अपडेटने एसबॅट नावाचं धोरण बदललं. जुन्या असुरक्षित बूटलोडरना रोखणं हा हेतू होता. दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना ते लागू व्हायचं नव्हतं, पण अनेक ठिकाणी झालं, आणि जुना शिम (ग्रबच्या आधी चालणारा, सही केलेला छोटा प्रोग्रॅम) असलेली लिनक्स सुरू व्हायची थांबली. तिथे ग्रबची सेटिंग दहादा लिहून काय होणार? शिम ग्रबपर्यंत जाऊच देत नव्हता. उपाय असा होता: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन मोकयुटिल या साधनाने ते धोरण पुसायचं, एकदा पुन्हा लिनक्स सुरू करायची आणि मग सिक्युअर बूट परत चालू करायचं. पुष्कळांनी पहिली पायरी केली आणि तिथेच थांबले. त्यांचे लॅपटॉप तेव्हापासून उघडेच आहेत.

आणि विंडोजला बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) असेल तर सिक्युअर बूटला हात लावण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवा. ती मागितली जाऊ शकते, आणि नसेल तर तो डेटा अडकून पडू शकतो.

पाटीपेन्सिल

निळीशाई, हे मान्य. सिक्युअर बूट कायमचं बंद करायला मीही सांगत नाही.

पण तुम्ही सगळे जाणकार गृहीत धरून बोलताय. आणखी एक उदाहरण देतो. ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर प्रणाली शोधणारी स्क्रिप्ट) मूळ सेटिंगमध्ये बंद आहे. माणूस अपडेट करतो आणि मेनूतून विंडोज गायब होतं. तो घाबरतो, त्याला वाटतं विंडोजच पुसलं गेलं. ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलीत जीआरयूबी_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स लिहून अपडेट-ग्रब करायचं, एवढंच काम. पण हे त्याला कोण सांगणार? साधन ते न सांगता करून टाकत असेल तर त्यात वाईट काय?

कंदील

वाईट काही नाही. पण हेच उदाहरण पाहा: तुम्ही दोष ओळखलात आणि एका ओळीत सांगितलात. तुम्हाला निदान येतं म्हणून तुमचा सल्ला कामाचा असतो. माझं भांडण निदान न करता सल्ला देणाऱ्याशी आहे, ज्याचा लॅपटॉप बिघडला त्याच्याशी नाही. मदत मागणाऱ्याने यूयूआयडी ओळखावा ही माझी अपेक्षा नाही. त्याने पडद्याचा फोटो पाठवावा आणि मदत करणाऱ्याने तो वाचावा. साधन चालवायचंच तर लाइव्ह प्रणालीत आधी /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही डिरेक्टरी आहे का ते बघायला सांगा. नसेल तर पेनड्राइव्ह बायॉस पद्धतीने उठलाय. लॅपटॉपच्या बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो, त्यातला यूईएफआय लिहिलेला निवडायचा. ही एक तपासणी केली असती तर माझी एक रात्र वाचली असती.

रातकिडा

यात एक भर. यूईएफआयनेच उठूनही नोंद टिकत नसेल तर ईएफआयबूटएमजीआर चालवून क्रम पाहा. काही लॅपटॉपची फर्मवेअर आपण लिहिलेली नोंद पुढच्या वेळी विसरते आणि ईएफआय/बूट डिरेक्टरीतली बूटएक्स६४ हीच फाइल उचलते. तिथे ग्रब-इन्स्टॉलला रिमूव्हेबल हा पर्याय दिला की ग्रब त्याच जागी बसतो. यात साधनाची किंवा वापरणाऱ्याची चूक नसते.

पाटीपेन्सिल

दोन दिवसांनी परत लिहितोय. काल एकीचा लॅपटॉप आला, तक्रार तीच. तिच्याकडून आधी पडद्याचा फोटो मागवला, 'ग्रब>' होतं. लाइव्ह पेनड्राइव्ह लावल्यावर ती डिरेक्टरी बघायला सांगितली. नव्हती. बूट मेनूत पेनड्राइव्ह खरंच दोनदा होता, दुसरा निवडायला लावला. मग साधन चालवलं आणि पहिल्याच फेरीत लॅपटॉप उठला.

साधनाबद्दलचं माझं मत तेच आहे, प्रॉम्प्टवर मी तिला काहीही लिहायला लावलं नाही. फोटो आणि ती डिरेक्टरी मात्र यापुढे आधी विचारीन. साधनाने तयार केलेला अहवालही ठेवलाय. त्यात दोन ईएफआय पार्टिशनं दिसताहेत आणि दुसरं कशाचं ते तिला आठवत नाही. रातकिडा, तो अहवाल इथे टाकला तर बघाल का?